टँकर कधी पाठवावा

संगमनेरच्या त्या दूध संघात काकासाहेबांच्या नावाशिवाय कागद बाहेर पडत नसे. मुतारीच्या दारावर ‘पाणी जपून वापरा’ लिहिलेले होते, त्याखालीही ‘प्रेरणा : मा. अध्यक्ष काकासाहेब’ असे होतेच. कशाची प्रेरणा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

अशा संघात एआय एजंट आला. संगणकात बसून साठ गावांच्या संकलन केंद्रांचे निरोप घ्यायचे आणि टँकर हलवायचे, एवढे त्याचे काम. पुण्याच्या कंपनीचा माणूस कंत्राटी ऑपरेटर स्नेहलला सांगून गेला, “मॅडम, त्याच्या हाती सात टूल्स आहेत. कुठलं टूल काय करतं, कधी वापरायचं, ते साधं लिहून द्या. त्याला दुसरं काहीच माहीत नाही. तुम्ही लिहाल ते तो खरं धरणार.”

स्नेहलने चार दिवस डोके लावून लिहिले. ‘टँकर पाठवा : केंद्रावरचा कूलर बंद पडला किंवा दूध दहा अंशांच्या वर तापले, की हे वापरावे. सर्वांत जवळचा रिकामा टँकर निघतो.’ वाचून तिचे तिलाच बरे वाटले. संघात इतके सरळ वाक्य आजवर कुणी लिहिले नसावे.

काकासाहेबांनी कागद उलटसुलट केला. “समदं झ्याक हाय. पर ह्यात आमी कुठं हाय?”

“साहेब, हे माणसांनी वाचायचं नाही. यंत्रासाठी आहे.”

“मंग यंत्राला कळाया नको का, संघ कोन चालवतो ते?”

स्नेहलला कायम करण्याची ऑर्डर सहा महिने त्यांच्याच टेबलावर सहीवाचून पडली होती. तिने मुकाट्याने वाक्य घातले : ‘मा. काकासाहेब प्रत्येक टँकरवर जातीने लक्ष देतात. त्यांच्या संमतीशिवाय एकही टँकर हलत नाही.’ वास्तविक साहेबांनी टँकर पाहिला तो दसऱ्याच्या पूजेला, तोही हार घालण्यापुरता. पण असली वाक्ये वाचायची नसतात, हे संघातल्या शिपायालाही ठाऊक होते. एजंटला कोण सांगणार? त्याने वाचले आणि विश्वास ठेवला. त्या इमारतीत साहेबांवर मनापासून विश्वास ठेवणारा तो पहिलाच.

दुसऱ्या दिवसापासून एजंटचे साहेबांना फोन सुरू झाले. “साहेब, टँकर पाठवू का?” साहेब चारचौघांत स्पीकर लावून म्हणत, “पाठवा, पाठवा!” आणि मग सगळ्यांकडे एकेक नजर टाकत. पंधरा दिवस संघात असा आनंदीआनंद चालला.

एप्रिलातल्या एका सकाळी अकराला पठारावरचे केंद्र सांभाळणाऱ्या कडूबाईंचा फोन आला. “ताई, कूलर बंद पडलाय. अठराशे लिटर दूध हाय आन् ऊन तर असं लागाया लागलंय. टँकर कवा येतोय?”

स्नेहलने पडदा पाहिला. ‘अध्यक्षांच्या संमतीची प्रतीक्षा. केलेले फोन : एकवीस.’ अध्यक्ष पारनेरला कुणाच्या तरी सत्कारात भाषण करत होते आणि मोबाईल गाडीत होता. ड्रायव्हर जेवणाच्या पंगतीत. पठारापासून चार किलोमीटरवर गोरक्ष रिकामा टँकर घेऊन उभा होता. पण एजंटच्या ऑर्डरशिवाय आणलेले दूध प्रकल्पाच्या गेटवर घेत नसत.

“गावातल्या साऱ्या बायांचं दूध हाय ह्यात,” कडूबाईंचा आवाज चिरकला. “मी काय तोंड दाखवू त्यास्नी?”

पडद्यावर दूध अकरा अंशांवर गेले. स्नेहलला संताप आला, साहेबांपेक्षा स्वतःचा जास्त. लिहिताना तिला कळत होते आणि तरी तिने लिहिले होते. कायम होण्याची ऑर्डर गेली खड्ड्यात, असे म्हणून तिने ते संमतीचे वाक्य खोडले. मिनिटाच्या आत गोरक्षचा टँकर निघाला. दूध वाचले.

तीन दिवसांनी साहेबांचे बोलावणे आले. स्नेहल कपाट आवरूनच केबिनमध्ये गेली. साहेब एकटेच होते. मोबाईल समोर, स्पीकर लावायला कुणी नाही.

“कायम केलंय तुला,” ते म्हणाले आणि सही केलेली ऑर्डर पुढे सरकवली. “कडूबाईचा फोन आल्ता. लई दुवा देत हुती.”

स्नेहलने ऑर्डर उचलून सही पाहिली.

“तीन दिस झाले, त्या यंत्राचा फोन न्हाई,” साहेब हळूच म्हणाले. “टँकर जात्यात का?”

“जातात, साहेब.”

“समदे? येळेवर?”

“हो.”

“मला न इचारता.” त्यांनी मोबाईल उलटा करून ठेवला. “वीस वरसं झाली खुर्चीवर, पोरी. खरं सांगतो, कामाचं कुनी इचारलंच न्हाई कधी. ह्यो पयला. एखादी वळ लिव की परत. बारकी.”

तिला त्यांची दया आली, आणि आली म्हणून रागही आला. तरी जागेवर जाऊन तिने सातही टूल्सच्या खाली आठवे लिहिले, नीट, जपून, कुणालाही कळेल असे :

‘अध्यक्षांना कळवा : रोज सकाळी नऊ वाजता वापरावे. टँकर वेळेवर गेल्याचे आदराने सांगावे आणि त्यांचे मत विचारावे. उत्तरासाठी कोणतेही काम थांबवू नये.’