दोन हात अंतरावरून

संग्रहालयात त्यांना सगळे डोळेवाल्या बाई म्हणत. बाईंचे स्वतःचे डोळे चारचौघींसारखेच, वर जाड भिंगांचा चष्मा. पण पेंढा भरलेल्या प्राण्यापक्ष्यांना काचेचे डोळे बसवायचं काम त्यांचं. वाघ असो नाहीतर घुबड, डोळा बसेपर्यंत नुसतं गाठोडं; बाईंनी डोळा बसवला की बघायला आलेली पोरं दोन पावलं मागे सरायची. तीस वर्षं हे काम इमानेइतबारे केलं, आणि निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा बाईंच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला.

तो किडा म्हणजे मोठ्या दालनातला समुद्रपक्षी. त्याचं कातडं दूरच्या बेटांवरून आलं होतं, पायाला चिठ्ठी बांधून. मेल्यावर डोळ्याचा रंग उडतो, म्हणून तो आधीच चिठ्ठीवर लिहून ठेवतात. नेमका तोच शब्द ओल लागून पुसलेला! बाई तेव्हा नव्या होत्या. साहेबांना विचारायची लाज वाटली आणि त्यांनी अंदाजपंचे तपकिरी डोळा ठोकून दिला, नंबर एकोणीस. फोटो बघावेत तर एकात डोळा काळा, दुसऱ्यात पिवळट, तिसऱ्यात चक्क लाल. उन्हाचा आणि कॅमेऱ्याचा काय भरवसा? तीस वर्षं आपण पोरांना खरं दाखवलं की खोटं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाईंना चैन पडणार नव्हतं.

म्हणून धाकट्या बहिणीला घेऊन त्या सहलीच्या ऑफिसात येऊन बसल्या. टेबलामागच्या माणसानं दोन पत्रकं पुढे सरकवली. एक जहाज दोन हजार माणसांचं: लिफ्ट, डॉक्टर, पोहायचा तलाव. दुसरी नौका सोळा माणसांची. तिच्यातली खोली एवढी अरुंद की एकीनं साडी नेसायची तर दुसरीनं पलंगावर पाय वर घेऊन बसायचं.

"मोठंच घे ताई," बहीण म्हणाली. "तुझा गुडघा बघ, माझं पोट बघ. मला झोपाळ्यावरसुद्धा मळमळतं."

बाईंनी त्या माणसाला विचारलं, "मोठ्या जहाजावरून पक्ष्याचा डोळा दिसेल?"

"डोळा?" तो बघतच राहिला. त्याला आजवर सगळ्यांनी जेवणाचं विचारलं होतं. "नाही हो मावशी. ते बेटापासून लांब उभं राहतं. पक्षी दिसतील, दुर्बिणीतून."

"आणि छोट्या नौकेवरून?"

"ती जवळ जाते. तिथून रबरी होडी. पण किनाऱ्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि खडकांवरून चालायचं. पक्षी माणसाला भीत नाहीत, वाटेतच बसलेले असतात. दोन हात अंतर ठेवायचं, एवढाच नियम." त्यानं बाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं. "फक्त आधाराशिवाय चढता-उतरता येतं, असं लिहून द्यावं लागतं."

बाई उठल्या. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, कशाला हात न लावता वर चढल्या आणि धप्पकन खाली उतरल्या. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"अगं बाई! तोंडावर आपटशील!" बहीण ओरडली.

"लिहा," बाई दात आवळून म्हणाल्या. "येतं."

नौकेवर बहिणीनं दोन दिवस ताईच्या नावानं बोटं मोडली, पोटात पाण्याचा घोट ठरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी होडी बेटाला लागली. बाई पाण्यात उतरल्या, गुडघा ठणकत असताना खडक चढल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. जिथवर नजर जाईल तिथवर पक्षीच पक्षी! एकही उडाला नाही, एकानंही दखल घेतली नाही. ज्या पंखांना आयुष्यभर तार घालून आकार दिला, ते इथे आपले आपण उघडत होते, मिटत होते. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला.

त्यांचा पक्षी वाटेवरच बसला होता. बाई दोन हातांवर थांबल्या. त्यानं मान वळवली आणि आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं त्यांना नीट न्याहाळलं. ऊन आलं तशी त्याची बाहुली बारीक झाली, ढग आला तशी पसरली. वाऱ्यानं डोळ्याला पाणी आलं, पापणी लवली.

"अगं," बाई कुजबुजल्या, "हा बघतोय मला."

मागून बहीण धापा टाकत पोचली. "रंग बघ आधी! कुठला?"

"तपकिरी. हुबेहूब एकोणीस नंबर."

"मग झालं की! तीस वर्षं बरोबरच होतीस. रडतेस कशाला?"

बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. पक्षी अजून त्यांच्याकडेच बघत होता.

"रंग चुकला असता," त्या म्हणाल्या, "तर जाऊन बदलला असता गं. हे बघणं कुठून बसवू?"