जप्त सॅक्सोफोनचं म्हणणं

मी सॅक्सोफोन बोलतोय. नाव जड वाटत असेल तर बाजा म्हणा. आमच्याकडं सगळे तेच म्हणतात.

मेरठच्या एका कारखान्यात मी घडलो आणि शेलूबाजारजवळच्या खेड्यात देवमनच्या बँडपार्टीत आलो. भर उन्हात आम्ही कोट घालून वाजवायचं आणि नवरदेवाच्या मित्रांनी रस्त्यात लोळून नागीण व्हायचं, अशी मोठी सभ्य रीत होती. आणखी एक रीत होती. बौद्ध वस्तीतली वरात गावच्या चौकात आली की बँड बंद. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. देवमनला तोंडपाठ होता. स्वतःच्या पोरांच्या वराती मात्र चौकातली मंडळी तिथंच दुपारभर नाचवायची.

पुढं डीजे आला आणि मी खिळ्यावर गेलो. कोळ्यानं माझ्या तोंडात संसार थाटला.

त्याला बेघर केलं साक्षीनं. ही देवमनची मुलगी, वाशिमला कॉलेजात शिकणारी. ढोलकीवर प्रसेनजित, नगाऱ्यावर पोहरादेवीकडचा अमरसिंग. तिघांना मोबाइलवर जॅझ सापडलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी मार खाल्ला आणि तो बाजातून जगाला ऐकवला, हे त्यांना फार पटलं.

पटायला कारणही घडलं. उन्हाळ्यात प्रसेनजितच्या भावाची, संघदीपची, वरात चौकात अडवली. नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं. त्यावर पोरांनी चाल बांधली. तीत मी आधी लग्नातल्यासारखा गोड वाजतो, मग गळा धरल्यासारखा थांबतो, मग किंचाळतो.

"हे काय वाजवून राह्यली तू?" देवमननं विचारलं. "लग्नात चालन का?"

"लग्नासाठी नाई, बाबा. वरात अडवनाऱ्याईसाठी हाये."

"मंग ठेवून दे," तो म्हणाला. तिनं ठेवलं नाही.

गावात सांस्कृतिक महोत्सव भरला. आयोजकांना 'जॅझ' हा शब्द बेहद्द आवडला, पत्रिकेत शोभतो. मंडप चौकातच. प्रमुख पाहुणे म्हणजे गावचे दादासाहेब, ज्यांनी घोड्याचा लगाम धरला होता तेच. मी किंचाळलो तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. टाळ्याही वाजवल्या. रसिकता अशी असावी.

साक्षीनं माईक घेतला. "दादासाहेब, संघदीपचा घोडा तुमी अडवला, हे गानं तवाचं हाये. तुमाले आवडलं. आता पुरं आयका."

लाइट गेली. म्हणजे घालवली. बिचाऱ्यांना वाटलं, मीही डीजेसारखा विजेवर चालतो.

साक्षी वाजवत खाली उतरली आणि चौकाच्या मधोमध उभी राहिली. मागोमाग ढोलकी, नगारा. मग गर्दीतून लिलाबाई पुढं आली, संघदीपची आई. पोराच्या वरातीत तिचं नाचणं राहून गेलं होतं. ती तिथं नाचली. त्या चालीवर नाचणं सोपं नाही, तिनं जमवलं.

पोलीस लगेच आले. वरात अडवली त्या दिवशी त्यांची गाडी नादुरुस्त होती.

मला जप्त केलं. ठाण्यात साहेबांनी देवमनला बोलावलं. साहेब मनानं चांगले. म्हणाले, "बाजा तुझाच ना? पोरीनं न इचारता नेला, एवढं सांग आन् घेऊन जाय."

देवमननं माझ्याकडं पाहिलं. हो म्हटलं असतं तर संध्याकाळी मी घरी असतो.

"पोरीचा हाये," तो म्हणाला. "माह्याजवळ होता तवा अर्धाच वाजे."

म्हणून मी ठाण्याच्या माळ्यावर आहे. शेजारी हातभट्टीची पिंपं आणि चोरीची सायकल. आरोप शांतताभंगाचा. तुमच्यापैकी कुणी इकडं आलात तर साहेबांना एवढं सांगा, माझ्या भोकांवरच्या गाद्या चामड्याच्या आहेत, उंदीर कुरतडतात. पुरावा म्हणून तरी मला धड ठेवा. कोर्टात कुणी म्हणालं, दाखवा वाजवून, तर साक्षी तयार आहे.