चौथा आल्याबिगर

दवाखान्यात माझा कुनावर इस्वास न्हाई, आधीच सांगते. छगन, माझा लेक, राहुरीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीवरून डोक्यावर पडला आन् मानंचा मनका मोडला. हातपाय हालत हुते. डॉक्टर म्हनले, "रतनबाई, सोमवारी ऑपरेशन. तोवर मणका जागेवर राहिला तर पोरगा चालेल. तसूभर सरकला, तर मानेखालचं सगळं गेलं."

मग माझ्या लेकाला उशी का न्हाई? शॅरन सिस्टरनं मानंला पट्टा बांधला, दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या लावल्या. मी गुपचूप लुगड्याची घडी डोक्याखाली सारायला गेले, तर मेलीनं हातच धरला माझा!

दर दोन तासांनी चौघं यायचे. शॅरन दोन्ही हातांनी डोकं धरायची, एक-दोन-तीन म्हनायची, आन् बाकीचे तिघं छगनला ओंडक्यावानी अख्खा कुशीला वळवायचे. पाठ बघायचे, कुजबुजायचे. मग ती पायाच्या तळव्यावर किल्ली वढायची आन् अंगठा हालतुया का बघायची. पाठीत काय ठिवलंय यांनी? किडन्या काढत्यात म्हनं. आन् चौघंच का? आमच्यात चौघांनी उचलायचं ते मेल्यावर. ते दारात दिसले की मी खाटंला चिकटून उभी राह्यचे. एकदा वरडले बी, "मुडद्यांनो, माझा लेक जित्ता हाय!"

शॅरन म्हनली, "जिवंत आहे म्हणूनच चौघं लागतात, आजी."

गोड बोलनं मला खरं वाटत न्हाई. पन नजर ठिवली. कोन कुठं धरतंय, सगळं पाठ झालं.

रविवारी दुपारी तिघंच आले. शॅरन न्हाई. नवा ब्रदर, समर्थ, म्हनला, "आजी, सरका जरा. तिघं बास." एकानं छगनच्या खांद्याला हात घातला बी. डोक्यापाशी कुनीच न्हाई!

"हात काढ!" मी मधी घुसले. "डोकं कोन धरनार, तुझा बाप? चौथा आल्याबिगर शिवायचं न्हाई माझ्या लेकाला."

"उशीर होतोय, आजी."

"हू दे."

सगळा वार्ड बघाय लागला. जिला चार दिस शिव्या घातल्या, तिच्यासाठीच दाराकडं डोळं लावून उभी राह्यले. शॅरन जेवनाचा डबा टाकून पळत आली. समर्थकडं एकदा बघितलं, त्याचं तोंड उतरलं. तिनं डोकं धरलं आन् म्हनली, "मोजा, आजी."

मी मोजलं. छगन वळला. तळव्यावर किल्ली फिरली आन् अंगठा हालला. देवा! मी तितंच रडले.

सोमवारी सकाळी त्याला ऑपरेशनला न्यायला आले. मी दारातच आडवी उभी राह्यले आन् मानसं मोजली. चौघं हुते. मग बाजूला सरले.