आमची गल्ली श्रीमंत झाली

शहराच्या कचेरीतून पत्र आलं, की आमची गल्ली आता श्रीमंत झाली आहे. दहा वर्षांत सरासरी उत्पन्न दुप्पट. काळ्यांची घरं दहात नऊ होती, ती पाचावर आली. बाकीची गोऱ्यांनी घेतली. तेव्हा चर्चच्या तळघरातलं म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण जूनपासून बंद.

मी आमच्या ब्लॉक क्लबची, गल्लीतल्या रहिवाशांच्या मंडळाची प्रमुख, म्हणजे बेचाळीस घरांची बिनपगारी मुकादम. कचेरीत जाऊन भांडले. तिथली बाई म्हणाली, "घरोघर पाहणी करून आणा. निम्म्याहून जास्त घरं वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या खाली निघाली, तर जेवण चालू राहील."

"निघतीलच," मी म्हटलं. "माझी माणसं मला ठाऊक आहेत."

फॉर्म वाटले. नावाचा रकाना नव्हता, घराचा नंबरही नाही. आठवड्याने सगळे गोळा करून मोजायला बसले, तर चाळीसच्या खाली फक्त चौदा. त्यातले सहा नव्या गोऱ्यांचे! त्यांनी मला सांगितलं म्हणून कळलं. ही सगळी पैशात लोळणारी, असं धरून मी त्यांच्या दारी कधी केकसुद्धा नेला नव्हता. त्यांच्यातली एक हायडी, ती चकचकीत घरात राहते खरी, पण त्याच्या तळघरात, भाड्याने. पहाटे उठून बेकरीत कणीक मळते.

आणि आमचे? एका फॉर्मवर पंच्याण्णव हजार. ते वळणदार अक्षर मी लहानपणापासून चर्चच्या फळ्यावर वाचतेय. आमच्या चर्चचे कारभारी, डीकन ल्युशस पेटवे. बस चालवून निवृत्त झालेले, गुरुवारच्या जेवणातला अर्धा मासा रात्रीसाठी कागदात गुंडाळून नेणारे.

गुरुवारी जेवणं चालू असतानाच मी फॉर्म घेऊन तळघरात गेले.

"डीकन, पंच्याण्णव हजार कुठं पुरलेत? आम्हालाही दाखवा जरा."

"व्हर्निटा, त्यावर नाव नव्हतं."

"अक्षर होतं ना."

सगळं टेबल हसलं. ओला मे मावशी म्हणाल्या, "मी बाई साठच लिहिले. उगाच मोठेपणा नको."

डीकननी काटा खाली ठेवला. "पोरी, आठवड्यात तीन माणसं माझं दार वाजवतात. रोख देतो, घर विका. चणचण आहे असा वास जरी लागला, तर तिनाचे तीस होतील. कागद घेऊन आलेल्याला आपण एवढंच सांगायचं, छान चाललंय. माझ्या आईनं मला हेच शिकवलं."

माझ्याही आईनं हेच शिकवलं होतं. मी उभीच होते, तशीच बोलले.

"माझे सत्तावीस हजार. शाळेत पोरांना जेवण वाढून. गेल्या हिवाळ्यात बिल थकलं म्हणून घर गरम ठेवणारा गॅस दोनदा तोडला. आणि माझ्या फॉर्मवर मी पंचावन्न लिहिलेत. हे बघा, खोडते."

मी पेन्सिलने पंचावन्न खोडून सत्तावीस लिहिले.

"म्हणजे तू तेव्हा सांगितलंस तशी तुझी शेगडी बिघडली नव्हती?" ओला मे मावशी.

"शेगडी ठणठणीत होती, मावशी."

"अगं गाढवे, माझ्याकडे यायचंस की झोपायला!"

डीकननी हात पुढे केला. "पेन्सिल दे. घरं घेणाऱ्यांना यातलं काही कळणार नाही ना?"

"नाव नाही, नंबर नाही. अक्षर ओळखणारी मी एकटी."

"मग तोंड तिकडे कर."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे पेन्सिलीची फिरवाफिरवी बराच वेळ चालली होती.

आता चाळीसच्या खाली सत्तावीस घरं निघाली. कचेरीतल्या बाईने फॉर्म चाळले. "इतकी खाडाखोड?"

"आम्ही नीट विचार करून लिहितो."

तिने शिक्का मारला. "जेवण चालू राहील. पण मग नोंदीत तुमची गल्ली आता..." ती शब्द शोधत अडखळली.

"गरीब लिहा, बाई," मी म्हटलं. "खुशाल लिहा. आम्ही कुठं जात नाही."