जांभळ्या शेपटीचा खंड्या

ताईने पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली. टेबलावर थरथरणाऱ्या माणसांचे हात धरून "काही होत नाही, आत्ता संपेल," असं तिने हजारोंना सांगितलं असेल. पण स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा बाई चार वर्षं चालढकल करत राहिल्या. आज सर्दी, उद्या पाहुणे, परवा मुहूर्त नाही.

निवृत्तीनंतर तिने हौसेने दुर्बीण आणली होती, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणलं होतं, आणि नेमकं तेव्हाच सगळं धुरकट झालं. तरी रविवारी तळ्यावर जायचंच, हा हट्ट. तिला न्यायचं कोणी? धाकटीने. ही धाकटी बहीण बेकरीत केकवर नक्षी काढायची. कावळा आणि चिमणी सोडून तिसरा पक्षी तिला ओळखता येत नव्हता.

"काय दिसतंय गं?" ताईने पहिल्या रविवारी विचारलं.

"एक करडा पक्षी बसलाय."

"एवढंच?" ताईचा चेहरा इतका पडला, की पुढच्या पक्ष्याला धाकटीने हळूच पिवळी किनार लावून दिली. चेहरा खुलला. मग काय, धाकटीचा हातच सुटला. गुलाबी पोटाचा बगळा झाला, सोनेरी मिशांचं बदक झालं. त्या वर्णनावरून ताई नाव सांगायची, धाकटी वहीत लिहायची. आणि एके रविवारी जांभळ्या शेपटीचा खंड्या काठावरच्या फांदीवर येऊन बसला, तेव्हा ताईने डोळे चोळचोळून फांदीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना फोन केला.

ऑपरेशन झकास झालं. दोन महिन्यांनी, थंडी ओसरून झाडांना पालवी फुटायला लागली होती, तेव्हा दोघी पुन्हा निघाल्या. गाडीत ताई रस्त्यावरची पाटी न् पाटी मोठ्याने वाचत होती.

"आणि तुझे केस कधी पिकले गं एवढे?"

"तू बघत नव्हतीस तेव्हा," धाकटी म्हणाली. एरवी ती यावर हसली असती. आज तिची नजर ताईच्या मांडीवरच्या वहीवर गेली.

तळ्याकाठी पक्षी बघणाऱ्यांसाठी एक लाकडी खोपट होतं. आत एक बाक आणि समोर लांबट फट. तिथे औषधाच्या दुकानाचे मालक आधीच ठाण मांडून बसले होते. गेली वीस वर्षं त्यांनी एकाही रविवारची सकाळ चुकवली नव्हती, म्हणून सगळे त्यांना दुर्बीणकाका म्हणत; दोघी बहिणी मात्र आजवर संध्याकाळी यायच्या. ताईने मोठ्या अभिमानाने वही त्यांच्यापुढे धरली.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. "गुलाबी पोटाचा... बाई, हे कुठे दिसले तुम्हाला?"

"इथेच. ह्याच बाकावरून."

"जांभळ्या शेपटीचा खंड्या? हा मला दाखवाल तर मी दुकान विकून तुमच्या मागे येईन!"

ताईने मान वळवली. धाकटी थर्मासचं झाकण घट्ट करत होती. ते कधीच घट्ट बसलं होतं.

"अगं ए."

"ताई, तुझा चेहरा पडायचा गं," धाकटी पुटपुटली. "मला नावं येत नव्हती. रंग तेवढे येत होते."

"त्या खंड्यासाठी मी डोळ्यांत सुरी घालून घेतली! तो बघायचाच म्हणून टेबलावर चढले! थरथरत होते मी, आणि ती काल आलेली पोरगी माझा हात धरून मलाच सांगत होती, काही होत नाही म्हणून!"

मग ताईच्याच नाकातून फुस्सकन हसू फुटलं. "सोनेरी मिशा! बदकाला!" तिने धाकटीच्या पाठीत एक धपका घातला आणि दोघी एकमेकींवर रेलून इतक्या हसल्या, की तळ्यातली निम्मी बदकं उडाली.

"झालं! आता बसा वहीतलेच पक्षी बघत," काका वैतागून म्हणाले. पण तेही हसत होते.

पाणी पुन्हा शांत झालं. समोरच्या चिखलात काहीतरी हललं. ताईने दुर्बीण गळ्यातून काढून धाकटीच्या हातात दिली. "आता तू बघ. आणि दिसतं तेवढंच सांग."

धाकटीने बराच वेळ दुर्बिणीचं चाक फिरवलं. मग ती एकदम पुढे वाकली. "काळा-पांढरा आहे. छातीवर काळा पट्टा, अगदी सुबक, सुरीने सारखा केल्यासारखा. शेपटी सारखी वरखाली करतोय... ताई, हा काय गं?"

"धोबी पक्षी. लिही."

जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांनी सात पक्षी लिहिले, सातही दोघींनी पाहिलेले. दुर्बीण मात्र ताईला फारशी मिळाली नाही. आठव्यांदा मागितली तेव्हा धाकटी दुर्बिणीवरून डोळे न काढता म्हणाली, "थांब ना जरा, आत्ता कुठे उडायला लागलाय!"