भुयारीबाबाच्या डबीतलं नंदनवन

पंच्याऐंशी साली पांढुर्ण्याच्या बाजारात भुयारीबाबाचा मांडव पडला आणि सौंसरहून बसगाड्या भरभरून माणसं येऊ लागली. कोणी लकव्याचा, कोणी दम्याचा. मधोमध चौरंगावर एक काळी डबी. डबीला दोन भोकं. उजेडाकडं धरून डोळे लावले की आत बर्फाचे डोंगर, निळं तळं, फुलांचे वाफे. इतके खरे की हात घालावासा वाटे.

"हे नंदनवन," बाबा सांगे. "दिसलं त्याचा रोग फिटला. ज्याले नुसतं सपाट चित्र दिसते, तो पापी."

माझी बायको पंचफुला डबीवरून डोळे काढीना. तिच्या छातीत कॅन्सरची गाठ होती. नागपूरला विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होता. बंद खोलीत यंत्राखाली एकटीनं पडायचं, याची तिला भारी धास्ती. डबी खाली ठेवली तेव्हा तिचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झाला होता.

"हलकं वाटून राह्यलं बाप्पा," ती म्हणाली.

"मंग शेक बंद. विजेनं नंदनवन जळते," बाबा म्हणाला.

"आयकलं ना?" ती माझ्याकडं वळली. "उद्याची गाडी राहू द्या. मी नाही येत."

शेक मधेच सोडला तर गाठ पुन्हा जोर धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी बोलायला उठलो, तर लोकांनी मलाच खाली बसवलं.

रांगेत पुढं आमचे शेजारी गुलाबराव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत त्यांचा डावा डोळा सावरगावच्या दगडानं गेलेला. ते म्हणाले, "बाबा, हे त क्यालेंडर आहे. सपाट."

"पापी," बाबा म्हणाला.

त्यांच्यामागं सावरगावचे चिंधूभाऊ. यांचा उजवा डोळा पांढुर्ण्याच्या दगडानं गेलेला. त्यांनाही सपाटच दिसलं. तेही पापी.

"बाबा," गुलाबराव म्हणाले, "इकडचा मीबी पापी, तिकडचा हाबी पापी. मंग गोटमारीत देव होता तरी कोनाकडून?"

मांडव हसला. पंचफुला मात्र दोघांच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग तिनं डबी ओढून घेतली आणि एक डोळा तळहातानं झाकला.

"अवो, एका डोळ्यानं मीबी पापी. दोन्ही उघडले का पुण्यवान. बाबा, तुमीबी पाहा बरं एक डोळा झाकून."

बाबाची ध्यानाची वेळ झाली.

गर्दीत शाळेतल्या विजयाबाई होत्या. त्यांनी डबीतून गोल पुठ्ठा ओढून काढला. त्यावर बारक्या चित्रांच्या जोड्या. "दोन्ही चित्रं थोड्या वेगळ्या जागेवरून काढलेली," त्या म्हणाल्या. "एकेक डोळा एकेक चित्र पाहतो, मेंदू ती जोडतो, म्हणून खोली दिसते. पोरांचं खेळणं आहे."

"मंग मले हलकं वाटलं ते खोटं का बाई?" पंचफुलेनं विचारलं.

"खोटं काहून? मन रमलं, भीती विसरली. पण गाठीला डोळे नाहीत, काकू. तिले शेकच लागते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी धरली. नागपुरात तशीच डबी घेतली. खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती डोंगर पाही, मग आपणहून आत जाई. जाताना शेजारणीच्या हाती डबी देई, "पाह्य माय, थंडगार वाटते." सगळा बाक पाळीपाळीनं बर्फात फिरून येई.

पंचफुला पुढं काही वर्षं हसतखेळत जगली. आता नाही. ती वर्षं शेकानं दिली. शेकाच्या खोलीत जायचं बळ डबीनं दिलं. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका. रोग्याला चित्रं दाखवा, गाणी ऐकवा, हसवा. आणि दवाखान्याची गाडी चुकू देऊ नका.