नारळ सासऱ्याचा, कोंबडा सुनेचा, पोरगा रग्बीचा

आईशप्पथ, देवाशप्पथ, आमच्या गावच्या रवळनाथाची शप्पथ! ह्यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझी उरलेली एकुलती एक दाढ आत्ताच्या आत्ता पडो. आता बसा आणि मध्ये बोलू नका.

तर वाकोल्याची विमला. नवरा दुबईला बोटीवर, घरात सासरे सहदेव, म्हणजे सगळ्यांचे आबा, आणि मुलगा नितेश. नितेशचे खांदे एवढे रुंद, की चाळीच्या जिन्यात तो आडवा होऊन चढायचा, आणि समोरून कोणी आलं तर ते माणूस परत वर जायचं. दहीहंडीला वाकोल्याच्या पथकात हा कायम खालच्या थराला. वरच्या पोरांना खांद्यावर घ्यायचं आणि कोणी पडलं तर झेलायचं, एवढंच काम. लहानपणापासून तेच केलेलं.

मग कॉलेजात त्याला कोणीतरी तो अंड्यासारखा बॉल दिला. रग्बी म्हणे. झालं! वाट लागली! अभ्यास गेला, झोप गेली, आणि आता ती टीव्हीवरची नवी लीग आलेली. प्रत्येक टीममध्ये परदेशी खेळाडू, आणि सोबत थोडी आपल्याकडची पोरं. त्या पोरांची निवड रविवारी बोरीवलीच्या एका मैदानात होती. निवड झाली तर नितेश प्रोफेशनल. नाही झाली तर सोमवारपासून एअरपोर्टच्या कार्गोत लोडर. तसं घरात ठरलेलं.

"आबा, तुम्हीच सांगा ह्याला," विमला म्हणाली होती. "ह्या अंड्याला आपल्या देशात कुत्रं तरी विचारतं का?"

"कबड्डीला कोण विचारत होतं?" आबा म्हणाले. "मिलने मला कबड्डीवर नोकरी दिली, तेव्हा माझा बाप पण हेच बोलला."

"आणि मिल कुठाय आता?"

ह्याच्यावर आबा गुडघे चोळायला लागले. मिल बंद पडली तशी टीमपण बंद पडली. त्यांचे गुडघे तेवढे अजून कबड्डी खेळतात, जिना उतरताना.

पण विमलाचं दुखणं वेगळंच होतं. तिचा भाऊ भीमराज हंडीवरून पडला, तेव्हा ती समोर उभी होती. खालची पोरं ढोलाकडे बघत राहिली आणि भीमराज सरळ रस्त्यावर आला. अजून लंगडतो. टीव्हीवर रग्बी लागली, की विमलाला तोच आवाज ऐकू यायचा. म्हणून तिने काय केलं? कोणाला न सांगता देवासमोर हात जोडले.

"रवळनाथा, माझ्या झिलाक त्या टीमीत घेव नको रे म्हाराजा. तुका कोंबो देतंय."

आईने मुलासाठी नवस बोलावा, तर तो नापास होण्याचा! देवानेही कान टवकारले असतील.

रविवारी सकाळी आबांना घेऊन ती मैदानावर गेली. हातात वड्यांचा डबा. नॅशनल पार्कातली माकडं भिंतीवर ओळीने बसलेली, सिलेक्टरसारखी. खरा सिलेक्टर होता लीगमधल्या एका टीमचा कोच, फिजी बेटांवरचा. एवढा प्रचंड माणूस, की तो खुर्चीत बसला आणि खुर्चीच दिसेनाशी झाली. उठला तेव्हा ती त्याच्याबरोबर उठली. त्याच्या बाजूला शिट्टी घेऊन इथले कोच, आपले सुबोध सर, नुसती आरडाओरड करणारे.

मॅच सुरू झाली. सातसात पोरं. नितेश पळायचा, पाडायचा, पडायचा. तो पडला की विमला डोळे मिटायची, उठला की एक डोळा उघडायची.

शेवटी शेवटी बॉल रेषेबाहेर गेला. तेव्हा म्हणे दोन्ही टीमची पोरं समोरासमोर रांगा लावतात, बॉल वरून टाकतात, आणि ज्याची त्याची टीम एकेकाला उचलून हवेत धरते. समोरच्यांनी केयूर नावाच्या बोरीवलीच्याच पोराला उचललं. तो इतका वर गेला, की पलीकडच्या सोसायटीतली बाई कपडे वाळत घालता घालता त्याला म्हणाली, "ए, साडीला हात लावू नको!"

आणि मागे उचलणाऱ्याचा हात सुटला.

केयूर डोकं खाली करून पडायला लागला. बॉल त्याच्या बोटांना लागून टप्पकन नितेशच्या पायाशी. पुढे सगळं मैदान मोकळं! बॉल उचलायचा आणि पळायचं, बस, लीग पक्की! सुबोध सर ओरडले, "उचल! नितेश, उचल!"

नितेशने उचललं. पण बॉल नाही, केयूर. दोन्ही हात वर केले, छाती पुढे केली, आणि थरावरून पडलेलं पोरगं झेलावं तसा झेलला. दोघं धपकन आडवे. तेवढ्यात समोरच्या एकाने बॉल घेतला, आरामात पलीकडे जाऊन टेकवला आणि मॅच जिंकली.

"अरे हंडी आहे का ही?" सुबोध सर किंचाळले. "बॉल सोडून माणूस पकडतोस?"

केयूर उठून मान चोळत बसला. नितेश त्याच्याशेजारी, मान खाली घालून. विमलाला आधी वाटलं, सुटले! देवाने ऐकलं! आणि पुढच्याच श्वासाला तिला आपलीच लाज वाटली. तो काय करून बसला होता, ते त्या मैदानात तिच्याइतकं कोणाला कळणार? तेव्हा रस्त्यावर असा एक जरी असता, तर भीमराज आज सरळ चालला असता.

"आबा," तिने त्यांची बाही ओढली, "मी पाप केलं. मी नवस बोलले, ह्याला घेऊ नको म्हणून. कोंबड्याचा."

आबांनी विचारलं, "कोणाला बोललीस?"

"रवळनाथाला."

"अगं बये! मी त्यालाच नारळ बोललोय, ह्याला घे म्हणून! एकाच देवाला दोघं? तो बिचारा काय करणार? माणूस झेलायला लावला आणि बॉल सोडायला लावला!"

"आता काय करायचं?"

"करायचं काय? गाऱ्हाणं घालायचं." आबांनी पिशवीतून नारळ काढला आणि रेषेवर उभे राहून असा आवाज लावला, की माकडं भिंतीपलीकडे गेली.

"बा देवा म्हाराजा!"

आता वाकोल्याचं अख्खं पथक नितेशला बघायला आलेलं, सगळी मालवणी पोरं. गाऱ्हाणं ऐकलं आणि तोंड बंद ठेवलं, असं होतं का कधी? सगळे एका दमात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

"ह्या सुनेची काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आडवो पडलो आसात, तेका उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि ह्या खेपेला सगळ्यात मोठा आवाज त्या फिजीवाल्याचा. त्यांच्याकडे पण मॅचआधी असंच ओरडतात म्हणे.

मग तो विमलाच्या समोर येऊन उभा राहिला. सावली पडली. आणि बोलला काय, तर हिंदी! त्यांच्या बेटांवर आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्यातच वाढलेला.

"माता, ई तुमार लड़का है?"

"हां."

"हमके ई लड़का मंगता."

विमलाला वाटलं, हा वडाच मागतोय. तिने डबा पुढे केला. त्याने दोन घेतले आणि सुबोध सरांकडे वळला. आपल्या टीमचा उंच उडणारा खेळाडू समुद्रापलीकडून येतो, फार महाग पडतो, त्याची मान मोडली तर सीझन गेला, असं म्हणाला. उचलणारे खूप मिळतात, झेलणारे नाहीत. आणि बॉल उचलायला बाकीची सहा पोरं होती, ती काय माकडं मोजत होती?

सुबोध सरांनी शिट्टी खिशात टाकली.

नितेशला खरंच वाटेना. "सर, मी? नक्की?" तो तिथेच उडाला आणि केयूरने त्याला मिठी मारली.

विमलाने तरी विचारलंच, "पण पुढच्या वर्षी ही लीग राहील ना?"

फिजीवाल्याने वड्याचा घास गिळला. "मालूम नहीं, माता. राम जाने."

आबा खूश. "विमल, मिलवाल्यांनी मला सांगितलेलं, नोकरी कायमची. हा निदान खरं बोलतो."

"आई, लीग एक महिन्याची आहे," नितेश म्हणाला. "कार्गोवाल्यांना मी आधीच विचारलंय. नंतर ये म्हणाले."

"आणि मान? हाडं?"

"डॉक्टर असतो ना टीमला. आणि मी खालीच असतो गं, वर जाणारा दुसरा."

विमलाने कित्येक दिवसांनी पूर्ण श्वास सोडला. तिथेच रेषेवर बसली, डब्यातला वडा खाल्ला, आणि आबांना हळूच विचारलं, "कोंबड्याचं काय मग?"

"तुझं मागणं पुरं झालं नाही. कोंबडा सुटला," आबा म्हणाले आणि नारळ फोडायला दगड शोधू लागले.

बरं, आता तुम्ही असे रोखून बघताय म्हणून सांगते. तो फिजीवाला 'व्हय म्हाराजा' म्हणाला नव्हता. ते तेवढं मी घातलं. त्याने नुसते हात जोडले होते. बाकी सगळं खरं, त्या साडीवाल्या बाईसकट.